घरच्या मैदानावरचा आवाज

दरवर्षी जुलैमध्ये आमच्या दारात अमेरिकेहून एक चपटं पाकीट येऊन पडायचं. पाठवणारा ह्यांचा जुना मित्र. आत काय असणार हे आमच्या पोस्टमनलाही पाठ झालं असावं: कॉलेज फुटबॉलचा त्या वर्षीचा नवा व्हिडिओ गेम. हे म्हणजे माझा नवरा. एडिनबराच्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर, लोकांना नवे गुडघे बसवून देणारा. लग्न झाल्या झाल्या आम्ही वर्षभर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावी राहिलो होतो, ह्यांच्या ट्रेनिंगसाठी. तिथे शनिवारी सगळं गाव एकाच रंगाचे कपडे घालून मैदानावर जमायचं आणि कॉलेजची पोरं एकमेकांवर आदळताना बघून घसा फोडायचं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळलं नाही आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. ह्यांना मात्र त्याचं वेड लागलं ते कायमचं.

स्कॉटलंडमध्ये त्या खेळाची कुणाला पडलेली नव्हती. तो गेम इथल्या दुकानांत मिळायचा नाही आणि इथल्या मशीनवर अमेरिकन डिस्क चालायची नाही. म्हणून मशीनही तिकडूनच आणलं. त्याला इथली वीज झेपत नाही, म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर, विटेएवढा आणि विटेइतकाच जड. चालू केला की त्याची बारीक घूंघूं सुरू व्हायची. बैठकीच्या खोलीतून ती स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची आणि मी समजायचे, बाप-लेक बसले.

लेक तेव्हा शाळेत होती. पाकीट आलं की लगेच गेम लावायचा नाही, हा ह्यांचा नियम. आधी जेवणाच्या टेबलावर डब्याची मागची बाजू मोठ्याने वाचायची, यंदा नवीन काय दिलंय ते. एखादा महत्त्वाचा एक्स-रे वाचावा तसं हे ते वाचायचे. एका वर्षी नवीन म्हणजे प्रेक्षकांचा आवाज. दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला गेलात की तिथले लोक इतका गोंगाट करणार की पडदा थरथरायला लागणार. तुम्ही आयत्या वेळी बेत बदलून आपल्या खेळाडूला ओरडून सांगायला जाणार, पण त्याला ऐकूच येणार नाही. तो कानाला हात लावून तुमच्याकडे बघत राहणार.

"बाबा, दॅट्स सो रिअलिस्टिक!" लेक म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं. "आपल्या घरात हे फीचर लग्नापासूनच आहे."

हे हसले. ह्यांचं हसणं मोठं होतं, खोली भरून टाकणारं. आवाजही तसाच. बारशाला माईक नाही मिळाला तरी अडत नाही, असं आमच्या मंडळातले लोक म्हणायचे.

त्या गेममधल्या खेळाडूंना नावं नसायची. कॉलेजची मुलं म्हणून काही कायदा होता म्हणे. नुसते नंबर. हवं तर नावं आपण घालायची. ह्यांनी आपल्या संघात सगळे नातेवाईक भरले होते. थोरल्या मामांना राखण करणाऱ्या फळीत उभं केलं होतं, कारण ते दारात उभे राहिले की खरंच कुणी आत जाऊ शकत नसे. माझ्या भावाला राखीव बाकावर बसवलं होतं, ह्यावरून मी दोन दिवस अबोला धरला होता. तर गेममधला समालोचक आपल्याकडची नावं उच्चारायचा नाही. त्याच्याजवळ आधीच भरून ठेवलेल्या नावांत ती नव्हती. तो बिचारा नंबरच सांगत बसायचा.

मग एका मार्चमध्ये सकाळी बूट घालता घालता हे एका बाजूला कलंडले. स्ट्रोक. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि वाचा पूर्ण गेली. बोललेलं बरंचसं समजत होतं. डोळ्यांत ते दिसायचं. पण तोंडातून शब्द म्हणून काही यायचं नाही. "त, त, त" एवढंच, आणि तेही फार दमून. ज्या हॉस्पिटलात हे राउंड घ्यायचे तिथेच दीड-दोन महिने पडून राहिले आणि मग घरी आले. चालायला चार पायांची काठी, मांडीवर ठेवायला कडा असलेला ट्रे, त्यावर वस्तू सरकू नये म्हणून रबरी जाळी. घर तेच होतं. पण त्यात आवाज नव्हता. मला त्या शांततेची भीती वाटायची, हे मी तेव्हा कुणालाच बोलले नाही.

घरी एक स्पीच थेरपिस्ट यायची. गोड मुलगी होती, चहा घेतला की कप स्वतः विसळून ठेवायची. चित्रांची कार्डं दाखवायची: कप, किल्ली, मांजर. एकदा तिने माझ्याकडे बोट दाखवून ह्यांना विचारलं, हिचं नाव काय? हे माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, कपाळावर घाम आला, काही नाही. तिने कागदावर काहीतरी टिपलं. मला राग आला. ह्यांचा नाही, तिचाही नाही, नुसताच.

"ह्यांनी मला नावाने कधी हाक मारलेलीच नाही," मी तिला इंग्रजीत सांगितलं.

तिला वाटलं, अलीकडे. मी म्हटलं, कधीच नाही, लग्नापासून. मीही ह्यांना नावाने हाक मारत नाही. आमच्यात बऱ्याच घरांत असंच असतं.

"मग तुम्ही एकमेकांना बोलावता तरी कसं?" तिने विचारलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

मी म्हणते अहो. हे म्हणतात अगं. बस, एवढ्यावर संसार झाला. तिने तो शब्द माझ्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतला आणि मग ह्यांच्यासमोर बसून अगदी मन लावून म्हणाली, "अ-गं." हे तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. परकी पोरगी आपल्याला अगं म्हणतेय, ह्याचं हसू ह्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. पण ह्यांच्या तोंडून ते आलं नाही. मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

तरी जुलैत पाकीट आलंच. मित्राला सगळं कळवलेलं होतं, पण त्याने नेम मोडला नाही. लेकीने टेबलावर डबा ठेवला आणि बाबांच्या जागी बसून मागची बाजू वाचायला लागली. तिची शाळा संपली होती. सप्टेंबरात ती लंडनला युनिव्हर्सिटीत जायची होती, हाउन्सलोला माझ्या नणंदेकडे राहून. हे तिच्याकडे बघत ऐकत होते. वाचता वाचता ती थांबली आणि एकदम उडालीच.

"आई, हा फीचर बघ! आपण आपला स्वतःचा साउंड टाकू शकतो. स्टेडियममध्ये! म्हणजे होम टीमने टचडाऊन केला की आपलं गाणं वाजणार. ऑर एनिथिंग. काहीही."

मला वाटलं, टाकेल एखादं धांगडधिंग्याचं गाणं.

तिने दोन दिवस वरच्या खोलीत बसून काय केलं ते तिसऱ्या दिवशी कळलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ट्रान्सफॉर्मरची घूंघूं ऐकू येत होती. लेकच खेळत होती आणि हे शेजारी बसून बघत होते. प्रेक्षकांचा गलका वाढत गेला आणि त्या गलक्यातून ह्यांचा आवाज आला. खणखणीत, पूर्वीचा.

"अगं, ऐकलंस का? लवकर ये, बघ तरी!"

"आले!" मी म्हटलं आणि पिठाच्या हातांनी धावले.

बैठकीच्या खोलीत लेक माझ्याकडे बघून हसत होती. हे बसल्या जागी होते तसेच. पडद्यावर पिवळ्या शर्टातली पोरं उड्या मारत होती. मला कळायला थोडा वेळ लागला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, तिथे पीठ लागलं.

आमच्या कॅमकॉर्डरच्या टेपांत हे कुठेच दिसत नाहीत. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे चेहरा नाही, नुसता मागून आवाज. लेकीने त्यातलीच एक टेप काढली होती. ती लहान असताना समुद्रावर गेलो होतो तेव्हाची. खडकावर सील येऊन बसला होता आणि मी गाडीतून चहाचा थर्मास आणायला गेले होते, म्हणून हे मला हाका मारत होते. तेवढा तुकडा कापून तिने गेममध्ये घातला होता. आपल्या संघाने घरच्या मैदानावर टचडाऊन केला, म्हणजे चेंडू घेऊन पोरगा शेवटच्या रेषेपलीकडे गेला, की हा आवाज.

"बाबांना आवडला," लेक म्हणाली. "बघ ना."

हे हसत होते. एका बाजूनेच, पण हसत होते. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा. मग मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवसापासून हे स्वतः खेळायला लागले. कंट्रोलर ट्रेवरच्या रबरी जाळीवर ठेवायचा आणि डाव्या हाताने जमेल तेवढं करायचं. फेकाफेकी जमत नसे. चेंडू मागे घ्यायला एक बटण आणि मग डाव्या अंगठ्याने नुसतं पळायचं, एवढंच. लेकीने सगळ्यांत सोपी पातळी लावून दिली होती. पूर्वी हे मुद्दाम बलाढ्य संघ समोर घ्यायचे, हरले तर जेवताना गप्प असायचे. आता समोर कायम कुठलातरी दुबळा संघ, ज्याला धड उभंही राहता येत नाही असा. आणि मैदान कायम घरचंच. मला वाटलं, हातातला जोर गेला तशी जिद्दही गेली. वाईट वाटायचं.

आणि दिवसभर घरात तो आवाज. अगं, ऐकलंस का? लवकर ये, बघ तरी. मी भांडी घासत असले तरी, कपडे वाळत घालत असले तरी. सुरुवातीला दर वेळी माझे पाय आपोआप वळायचे. दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. स्वतःचीच चीड यायची. मग मी मनाला शिकवलं की ट्रान्सफॉर्मर वाजत असेल तर हा माणूस नाही, मशीन आहे. पण पुढे पुढे मशीन बंद असतानाही ती हाक ऐकू यायला लागली. बसमध्ये वरच्या मजल्यावर बसले असताना आली. सुपरमार्केटात दुधाच्या कपाटासमोर आली. समुद्राकडून धुकं आलं की आमच्या मागच्या बागेतलं कुंपणही दिसत नाही, तशा एका दुपारी मी कपडे काढायला गेले आणि ती हाक त्या धुक्यातून आली. मी कपडे तसेच टाकून आत पळाले. हे खुर्चीत झोपले होते.

भूत मेल्यावर होतं, असं आपण म्हणतो. आमच्या घरात माणूस जिवंत होता, माझ्या हातचा वरणभात खात होता आणि त्याचं भूत शेजारच्या टीव्हीत राहत होतं. त्याला सगळं बोलता यायचं. त्याला मी हवी असायची. खुर्चीतल्या माणसाला मी हवी आहे की नाही, ते मला कळायला काही मार्गच नव्हता. मला त्या आवाजाची ओढ लागली होती आणि म्हणूनच तो मला नकोसा झाला होता.

मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला लागले. तर हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला वाटलं, मुद्दाम छळतायत. आजारपणात माणसं हट्टी होतात, हे थेरपिस्टनेही सांगितलं होतं. मी बाहेर येऊन रिमोट उचलायचे, आवाज कमी करायचे आणि परत आत जायचे. हे "त, त" करायचे. मी म्हणायचे, "अहो, पुरे आता."

ऑगस्टमध्ये मी लेकीला सांगितलं की तू जायच्या आत ते काढून टाक.

"आई, व्हाय? इट्स द ओन्ली थिंग ही एन्जॉइज."

"मला सहन होत नाही."

"पण ते बाबांचा आवाज आहे!"

"म्हणूनच."

ती रडली. मीही रडले असते, पण दोघींनी एकदम रडायची सोय आमच्या घरात तेव्हा नव्हती. शेवटी ती म्हणाली, मी नाही काढणार, मला जमणार नाही, तुला हवं तर तू काढ. आणि कुठल्या पानावर जायचं, कुठलं बटण दाबायचं, ते तिने मला दाखवून ठेवलं. सोपं होतं. एकदा पुसलं की झालं. तिच्या कॉम्प्युटरवरही तिने ते ठेवलं नव्हतं आणि टेप उतरवताना जुन्या कॅमेऱ्याने चावून टाकली होती. म्हणजे त्या मशीनशिवाय ती हाक आता कुठेच नव्हती. हे तिने मला सांगितलं, माझं मन बदलेल म्हणून. माझं मन बदललं नाही.

ती जायच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी हे खुर्चीत पेंगत होते. लेक वर बॅग भरत होती. तिला सांगून मी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध-दही आणायला गेले. आज आल्यावर करून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. हे झोपलेले असतानाच, म्हणजे ह्यांना दिसायला नको.

परत आले तर बैठकीची खिडकी थोडी उघडी होती आणि टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. हे जागे झाले होते. मी फाटकाशी थांबले. मला आत जावंसं वाटेना. खिडकीतून ह्यांची अर्धी पाठ, ट्रे आणि टीव्ही दिसत होता. पडद्यावर आमचा कुठलातरी मामा की काका चेंडू घेऊन पळत सुटला, अडवायला कुणीच नव्हतं, आणि रेषेपलीकडे गेला. लोक ओरडले. मग तो आवाज.

"अगं, ऐकलंस का? लवकर ये, बघ तरी!"

हे पडद्याकडे बघत नव्हते. चेंडू रेषेपलीकडे जायच्या आधीच ह्यांनी मान वळवली होती. स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे. मी घरात नाही हे ह्यांना माहीत नव्हतं. मान तशीच वळवून हे थांबले. थोडं पुढे वाकले, कान देऊन. पडद्यावर पोरांचा नाच संपला, समालोचक कुठलातरी नंबर सांगून गप्प झाला. दार उघडलं नाही. मग ह्यांनी मान परत वळवली, डाव्या हाताने कंट्रोलर जाळीवर नीट केला आणि पुन्हा खेळायला लागले.

मी हातात दुधाची पिशवी घेऊन उभी होते आणि मला सगळं एकदम कळलं. दुबळा संघ का, घरचंच मैदान का, आवाज का वाढवायचा. ह्यांना जिंकायचं नव्हतं. ह्यांना मला हाक मारायची होती. ह्यांच्याजवळ हाक उरलेली तेवढी एकच होती आणि ती मारायला दर वेळी एक अख्खा पोरगा मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका अंगठ्याने पळवावा लागत होता. आणि मी दार लावून बसत होते.

पुढच्या दाराने गेले असते तर ह्यांना कळलं असतं की मी नव्हतेच. मी घराच्या बाजूच्या बोळातून मागे गेले आणि मागच्या दाराने हळूच स्वयंपाकघरात शिरले. दूध ओट्यावर ठेवलं. कोट अंगातच होता. आता चेंडू समोरच्या संघाकडे असणार, त्यांची पाळी संपायला वेळ लागणार होता. मी दाराला कान लावून उभी राहिले. छाती धडधडत होती, मुलगी बघायला येणार त्या दिवशी धडधडली होती तशी. गलका वाढला, उतरला, परत वाढला.

"अगं, ऐकलंस का?"

"आले," मी म्हटलं आणि दार उघडलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर येईन ह्यावर ह्यांचा विश्वासच उरला नसावा, कारण ह्यांचा चेहरा आधी घाबरल्यासारखा झाला. कंट्रोलर ट्रेवर तसाच राहिला. मी जवळ गेले, खाली बसले आणि विचारलं, "काय हवंय?"

हे "त, त" करायला लागले आणि मग थांबले. डावा हात उचलून चेहऱ्याकडे नेला आणि चष्म्यावर बोट ठेवलं. मी तो काढून घेतला. दोन्ही काचा बोटांच्या ठशांनी आणि कसल्याशा वाळलेल्या थेंबांनी इतक्या माखल्या होत्या की त्यातून खिडकीचा उजेडही धड दिसत नव्हता. एका हाताने पुसता येत नव्हत्या. रोज सकाळी तो चष्मा मीच ह्यांच्या डोळ्यांवर चढवत होते. कोटाच्या आतल्या ओढणीचं टोक काढून मी काचा पुसल्या, फुंकर घालून परत पुसल्या आणि चष्मा ह्यांना घातला. ह्यांनी डोळे मिचकावले आणि माझ्याकडे बघितलं, नीट, सावकाश. पडद्यावर समोरचा संघ चेंडू घेऊन वाट बघत उभा होता.